ढँग झालं तवा कोन बघत होतं?

वसई-विरारच्या सगळ्या बिल्डिंगा, चाळी आणि बंगले मिळून जेवढे टीव्ही असतील, त्या सगळ्यांसमोर बसलेल्या माणसांत आमच्या मासेवाल्या मावशीइतकी मालिका कोणीच बघत नाही. हे मी ठामपणे लिहिते आहे. एरवी मी ठामपणे काही बोलत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं येतं असा घरच्यांचा समज आहे आणि मला काहीच येत नाही असा माझा. या दोन समजांच्या मध्ये सापडून माझं प्रत्येक वाक्य ‘म्हणजे, बहुतेक’ असं सुरू होतं. पण मावशीबद्दल बहुतेक नाही. मावशीबद्दल नक्की.

मावशी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. तिथून बसने वसई स्टेशन, मग एव्हरशाईन सिटीवरून आचोळ्याला येणारी शेअर रिक्षा, आणि मग डोक्यावर पाटी घेऊन आमच्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीचे जिने. सोमवार आणि गुरुवार आमच्याकडे बहुतेक घरांत मासे चालत नाहीत, ते दोन दिवस सोडून ती रोज यायची. ती आल्याची वर्दी तिच्या आवाजाआधी तिच्या मोजण्याने मिळायची. प्रत्येक मजल्याच्या पायऱ्या ती मोठ्याने मोजत चढे. “पंदरा, सोला, सतरा, आठरा!” आठरा म्हणताना एवढा जोर, की आठरा हे कोणाचं तरी नाव असावं आणि त्याने दार उघडावं असं वाटे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आई म्हणायची, “रोज मोजते बाई, जणू रात्रीत कोणीतरी एखादी पायरी चोरून नेणार आहे.”

पण पाटी उतरवल्यावर मावशीचा पहिला शब्द माशाबद्दल कधीच नसे. “काल काय झालं गो?” हा तिचा पहिला प्रश्न. आठ वाजता लागणारी सुवर्णाची मालिका तिची जीव की प्राण. ती रोज घरी सगळ्यांबरोबर टीव्हीसमोर बसते, हे तीच सांगायची. मग बघितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी चार मजल्यांवर पुन्हा का ऐकायची, हे आम्हांला कधी कळलं नाही. आम्हांला ती परीक्षा वाटायची. तळमजल्यावर पहिल्या जाहिरातीपर्यंतचं, पहिल्या मजल्यावर त्यापुढचं, असा भाग गोळा करत ती वर येई आणि आमच्या दारात पोचेपर्यंत तिच्याकडे तीन-चार वेगवेगळे भाग झालेले असत. तळमजल्याच्या मते सासू रडली, पहिल्या मजल्याच्या मते सासू रडल्याचं नाटक करत होती. ते ती माझ्यासमोर मांडायची आणि म्हणायची, “आता तू सांग.”

ऐकायची तशी ती मोबदलाही द्यायची. ज्या घरात भाग नीट सांगितला जाई, त्या घरच्या वाट्यावर वरून एक बोंबील जादा पडे. वाटा म्हणजे तिने मांडलेला माशांचा ढीग, एका ढिगाची एक किंमत. आमच्या शेजारच्या काकू नेहमी म्हणत, “काही नाही हो, तेच ते.” त्यांना वर्षभर अशी बारीक मांदेली मिळाली, की साफ करताना त्यांचा चष्मा दुखायला लागे. बी विंगमध्ये एक रागिणी वहिनी राहतात. मालिकेतल्या कपटी जावेचं नावही रागिणी. आमच्या वहिनी इतक्या साध्या, की मांजरालाही ‘जरा सरका’ म्हणतात. पण मालिकेतल्या रागिणीने सुवर्णाच्या खिरीत मीठ घातलं, त्या दिवसापासून या वहिनींच्या हाती मावशीने पापलेट म्हणून लागू दिलं नाही. आणि मालिकेतले आजोबा वारले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी आलीच नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, “घरात मयत झाल्यावर धंदा कोन करतं?” तेव्हापासून आमच्या बिल्डिंगीत पाहुणे बोलवायच्या आधी मालिकेत कोण आजारी आहे हे बघून घ्यायची पद्धत पडली.

तिला हे सगळं खरं वाटायचं असं मात्र नाही. मी एकदा चाचरत तिला म्हटलं, “मावशी, म्हणजे, ते नाटक असतं.” तिने कोयता खाली ठेवला. “मला काय येडी समजतेस? नाटक हाय ते मला ठावं हाय. पन नाटक करनारी बाई तर खरी हाय ना? नाटकात तोंडात मारली तरी गाल लाल व्हतोच ना?”  याचं उत्तर आमच्या प्राध्यापकांकडेही असेल असं मला वाटत नाही.

हळूहळू बाकीचे मजले मागे पडले आणि भाग सांगायचं काम माझ्याकडे आलं. कारण मावशीचे प्रश्न फार अवघड असत. मालिकेत माणसं बोलतात थोडं आणि बघतात फार. सासूने सुनेकडे बघितलं की ढँग. सुनेने दाराकडे बघितलं की ढँग. दारातला माणूस कुठेच बघत नसला तरी तीनदा ढँग, तीन बाजूंनी. बाकीचे लोक तेवढ्यात भाजी परतून येतात. मावशीला नेमकं तेच हवं असे. “पयलं ढँग झालं तवा कोन कोनाकडं बघत होतं?” “नथवालीनं कंची साडी नेसली होती?” नथवाली म्हणजे सासू. “सुवर्ना गप बसली ती रडून गप, का रागानं?” मी आठ वाजता वही घेऊन बसू लागले. डावीकडे ढँगचा आकडा, उजवीकडे कोणी कोणाकडे बघितलं. आई म्हणायची, “शिक्षण म्हणून हिला कॉलेजात घातली आणि ही घरी बसून ढँग ढँग लिहिते.” पण आमच्या वाट्यावर बोंबील जादा पडत होता, म्हणून तीही आवाज चढवत नव्हती.

आणि मी सांगायचे ते माझ्या पद्धतीने. “म्हणजे, बहुतेक सासू सुवर्णाकडे बघत होती, पण नक्की नाही, कदाचित तिच्या मागच्या फोटोकडे बघत असेल.” कॉलेजात असं बोललं की मुली हसतात. मावशी हसायची नाही. डोळे मिटून, पाटीच्या कडेवर हात ठेवून ऐकायची. एकदा म्हणाली, “बाकीच्यांना सगलं ठाम ठावं असतं. तू थांबतेस, मला बघायला टाइम मिलतो.” आयुष्यात माझ्या अडखळण्याचं कौतुक झालं ते एवढंच.

मग तो शुक्रवार आला. कॉलेजचा प्रोजेक्ट पुरा करायला मी मैत्रिणीकडे गेले होते आणि आमच्या गल्लीतली केबल नेमकी त्याच संध्याकाळी गेली. म्हणजे बिल्डिंगीत कोणीच तो भाग बघितला नव्हता. शनिवारी तीन मजले ‘केबल नव्हती’ ऐकत मावशी वर आली. “सतरा, आठरा!” पाटी उतरवली आणि म्हणाली, “खाली सगले ठनठन गोपाल. तुझ्याच जिवावर आले बग. काल शेवटाला कायतरी जोरात पडलं, मग तीनदा ढँग, आनि संपलं! कोन काय बोललंच नाय. काय झालं गो?”

मला सरळ सांगता आलं असतं, की मी बघितलं नाही. पण तिने मिटलेले डोळे, पाटीवर टेकलेला हात आणि ‘तुझ्याच जिवावर’ हे सगळं समोर होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, “सुवर्णा पडली. जिन्यावरून. जांभळी साडी होती, तिच्यात पाय अडकला. हातातलं कंगण सुटून घरंगळत खाली गेलं, नथवालीच्या पायाशी जाऊन थांबलं. पहिलं ढँग नथवाली कंगणाकडे बघते तेव्हा. दुसरं सुवर्णाच्या मिटलेल्या डोळ्यांवर. तिसरं वर उभ्या असलेल्या रागिणीवर.” एकदाही ‘म्हणजे’ नाही, एकदाही ‘बहुतेक’ नाही. मावशीने कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस काढला. “जित्ती हाय ना?” “बेशुद्ध आहे,” मी म्हटलं. त्या दिवशी आमच्या वाट्यावर दोन बोंबील जादा पडले. ते मला गिळवले नाहीत. शनिवार-रविवार मालिका नसते, सोमवारी लागेल, मग काहीतरी सारवासारव करू, अशी मी मनाची समजूत घातली.

रविवारी मावशी आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. शुक्रवारी जिन्यात कोणी पायऱ्या मोजल्या नाहीत, पण दार वाजलं. दारात पाटी घेऊन मावशीची सून उभी होती. “आईंना मालिका सांगणारी मुलगी इथेच राहते का?” तिने विचारलं. मी मान हलवली. ती भांडायला आली असेल असं मला वाटलं, पण ती उंबऱ्यावर टेकली आणि पदराने घाम पुसत हसायला लागली.

“अगं, काय सांगू तुला! आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात, नावं आधी चिठ्ठीवर द्यायची. आईंनी मला न सांगता नातवाकडून चिठ्ठी लिहून घेतली. फादरनी वाचलं, आजारी असलेल्या सुवर्णा हिला परमेश्वराने लवकर बरं करावं. आम्ही सगळे, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. आणि आमच्या कोळीवाड्यात सुवर्णा एकच, ती कॉयरमध्ये पुढे उभी राहून गात होती! तिचं गाणंच थांबलं. मिस्सा संपल्यावर सगळ्या बाया तिच्याभोवती, काय गो, तुला काय झालं, आम्हांला सांगायचं नाही का? ती बिचारी रडायला आली. तेव्हा आमच्या आई म्हणतात, ही नाय गो, आठ वाजताची सुवर्ना! जिन्यावरून नाय का पडली?”

“मग?” मी विचारलं. 

“मग काय! सगळ्या म्हणाल्या, पडली कधी? आरतीचं ताट पडलं तिच्या हातातलं! मी म्हटलं, आई, तुम्ही तर माझ्या बाजूला बसला होतात. ताट पडलं ते टीव्हीभर दिसत होतं.” ती हसायची थांबली. “तेव्हा कळलं. त्यांना दिसतच नाही गं. उजेड दिसतो, रंग थोडे दिसतात, बस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कधीपासून, देव जाणे. आता यांनी सांगितलंय, ऑपरेशन नाही तर पाटी नाही. त्या ऑपरेशनलाही तयार नाहीत. कोपऱ्यात बसल्यात तोंड फिरवून.”

ती गेल्यावर मी वही काढली. साडी कंची होती. कोन कोनाकडं बघत होतं. मासा ती नेहमी बोटांनी दाबून आणि कल्ले हुंगून निवडायची, ती तिची हुशारी वाटायची. पायऱ्या मोजायची, ती तिची सवय वाटायची. इतके दिवस मी तिला मालिका सांगत होते असं मला वाटत होतं. खरं तर ती माझ्याकडून डोळे उसने घेत होती, आणि मी त्या डोळ्यांनी तिला नसलेला जिना दाखवला होता.

रविवारी मी पाचूबंदरला गेले. घर शोधायला त्रास पडला नाही. ‘सुवर्णासाठी प्रार्थना करणारी मावशी’ म्हटल्यावर तीन जणींनी एकदम बोट दाखवलं. मावशी ओट्यावर बसली होती. समोर बांबूंवर बोंबील वाळत होते आणि तिची पाटी भिंतीला पालथी टेकवलेली होती. मी बसमध्ये पाठ केलेलं वाक्य विसरले आणि म्हटलं, “मावशी, म्हणजे, मी तो भाग बघितलाच नव्हता.”

मावशीने हाताने चाचपत ओट्यावर मला जागा करून दिली. मग म्हणाली, “तवाच वलखायला पायजे होतं मी. एरवी दहादा अडखलतेस. त्या दिशी एकदा पन नाय.” आणि जरा थांबून, “पन पडली काय झकास गो! ते कंगन गेलं ना घरंगलत, मला आवाज आला त्याचा.”

मला रडू येत होतं आणि हसूही. मी ऑपरेशनचं विचारलं. तिने आवाज एकदम खाली आणला. “डोला उघडा ठेवून त्यात सुरी घालतात म्हनं. मी रोज माशाला काय करते? मला सुरी ठावं हाय.” मग पालथ्या पाटीकडे तोंड करून म्हणाली, “पन घरी बसले तर मी नुसती म्हातारी. पाटी डोक्यावर हाय तवर चार बिल्डिंगीत मावशी. तुमच्या जिन्याच्या पायऱ्या पन मला वलखतात. नंतर टीव्ही बघायचा नाय म्हनतात. किती दिवस?”

“म्हणजे, बहुतेक थोडेच दिवस. पण नक्की नाही, डॉक्टरांना विचारायला हवं.”

“आता खरं बोललीस,” मावशी म्हणाली. आणि तिने अट घातली. ऑपरेशन करीन. पण टीव्ही बंद असेल तेवढे दिवस तिला मी रोज फोनवर भाग सांगायचा, कपड्यांसकट. “आनि बघितलं नसंल तर बघितलं नाय म्हनायचं. मग दोघी मिलून काय झालं असंल ते ठरवू.” आतून सून म्हणाली, “आधी ऑपरेशन तर ठरवा!”

ठरलं. आधी एक डोळा, काही दिवसांनी दुसरा. मी रोज दुपारी कॉलेजच्या जिन्यात बसून फोन करायचे. “नाही मावशी, कानाखाली मारली नाही, हात उचलला होता फक्त. बहुतेक मारणार होती. हो, सासूनेच. नाही, पोलिसांना अजून कळलेलं नाही.” जाणाऱ्या-येणाऱ्या मुली हळू चालायला लागल्या. एकदा आमच्या मॅडम थांबल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “घरी सगळं ठीक आहे ना?” मी म्हटलं, “म्हणजे, बहुतेक.” त्यांनी मला दुसऱ्या दिवशी समुपदेशनाच्या खोलीत पाठवलं. तिथल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, की मग रागिणी पकडली गेली का.

मावशी परत आली तेव्हा पावणेदोन महिने झाले होते. काळा चष्मा, डोक्यावर पाटी, आणि जिन्यात शांतता. दार वाजलं म्हणून उघडलं तर ती. चष्मा वर करून तिने मला पायांपासून केसांपर्यंत बघितलं. “तू एवढीशीच हायस? फोनवर केवढी वाटायचीस!” मग शेजारच्या काकूंना बघितलं, सवयीने त्यांच्यासाठी मांडलेली बारीक मांदेली बघितली, आणि त्या वाट्यात दोन मोठे बांगडे टाकले. रागिणी वहिनींना त्या दिवशी पापलेट मिळालं. “तोंड चांगलं हाय गो तिचं,” मावशी मला म्हणाली, “मला वाटलं, कसं असंल.”

मालिकेवर मात्र ती खूश नव्हती. “सुवर्ना ठीक हाय. पन नथवाली बुटकी हाय गो! तू सांगायचीस तवा दारातून वाकून आत यायची.” सासू उंच आहे असं मी कधीच सांगितलं नव्हतं. वहीत बघितलं, कुठेच नाही.

आता ती रोज आठ वाजता स्वतःच्या डोळ्यांनी मालिका बघते. कोणाला काही विचारत नाही, उलट वाटे मांडता मांडता तीच सांगते, आणि झरझर पुढच्या दाराकडे जाते. पायऱ्या मोजत नाही, त्यामुळे ती आल्याचं कळत नाही, कधी कधी गेल्यावर कळतं. ऑपरेशन झालं याचा मला किती आनंद आहे हे मी ठामपणे सांगू शकते. बाकीचं ठामपणे सांगता येत नाही. मी अजून आठ वाजता वही घेऊन बसते.

मागच्या आठवड्यात आमच्याकडची केबल पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी मावशी आली तेव्हा मीच विचारलं, “मावशी, काल काय झालं?” तिने भराभर सगळं सांगितलं, न अडखळता. सुवर्णाला नोकरी लागली, नथवाली माहेरी निघाली, शेवटी ढँग.

“ढँग झालं तवा कोन कोनाकडं बघत होतं?” मी विचारलं.

मावशीचा हात बोंबलांवरच थांबला. तिने डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच ठेवले. मग उघडले आणि जरा ओशाळून हसली. “अगो, ते काय मी बघितलंच नाय. दिसायला लागल्यावर एवढं कोन बघतं?”

आमच्या वाट्यावर तिने वरून एक बोंबील ठेवला, पाटी उचलली आणि खाली निघाली. मी दारात उभी राहून तिच्या पायऱ्या मोजल्या. आठराच होत्या.